युद्धतत्त्वं पाठ आहेत, आराखडा जमत नाही: असईच्या नकाशावर पायरी-पायरीने आखणी

उद्दिष्ट ठरवून त्यावर टिकणं, मनोधैर्य, चढाई, अचानक धक्का, बळ एकवटणं, बळाची काटकसर, सुरक्षितता, लवचीकता, सहकार्य, रसद. ही दहा युद्धतत्त्वं घडाघडा म्हणून दाखवणारी मुलं मला दर वर्षी भेटतात. कुणी एनसीसीच्या ‘सी’ सर्टिफिकेटच्या तयारीत असतं, कुणी एसएसबीला, म्हणजे लष्करी अधिकारी निवडीच्या मुलाखतीला निघालेलं असतं. सँड मॉडेलसमोर, म्हणजे जमिनीच्या वाळूतल्या प्रतिकृतीसमोर उभं करून पंधरा मिनिटं दिली, की ठरलेलं पहिलं वाक्य येतं: “सर, उजवीकडून वळसा घालू.” उजवीकडूनच का, किती वाजता, किती माणसं घेऊन, आणि तोपर्यंत समोर कोण थांबणार, याचं उत्तर मात्र तयार नसतं.

चूक पाठांतराची नसते, क्रमाची असते. मुलं तत्त्वांपासून आखणी सुरू करतात. ‘अचानक धक्का द्यायचा आहे’ असं आधी ठरतं आणि मग नकाशात त्याला जागा शोधली जाते. प्रत्यक्षात तत्त्वं ही तयार आराखड्याला लावायची कसोटी आहे आणि ती या लेखात सहाव्या टप्प्यावर येते. त्याआधीचे पाच टप्पे जमीन, घड्याळ आणि शत्रू यांचे आहेत. यादी कुठली घेता यानेही फार बिघडत नाही. ब्रिटिश लष्कर दहा तत्त्वं मानतं, अमेरिकन नऊ. भारतीय लष्कराने आपला सिद्धांत 2004 मध्ये प्रसिद्ध केला आणि 2018 मध्ये भूयुद्धाचा स्वतंत्र सिद्धांत काढला. यांतली कुठलीही यादी घेतलीत तरी खालचा क्रम तोच राहतो.

सरावासाठी एकच प्रसंग शेवटपर्यंत वापरू. ठिकाण जालना जिल्ह्यातलं असई, वेळ 22 सप्टेंबर 1803 ची संध्याकाळ, म्हणजे इंग्रजांनी जिंकलेल्या असईच्या लढाईची आदली संध्याकाळ. तुम्ही दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांच्या संयुक्त फौजेची आखणी करताय. भोकरदनपासून असईपर्यंत, केळना आणि जुई या नद्यांच्या मधल्या पट्ट्यात तुमचा तळ पसरलाय. कवायती पायदळ दहा हजारांहून जास्त, तोफा शंभराच्या आसपास, घोडदळ तीस हजारांहून अधिक. समोर इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीची फौज आहे, तिच्यात कवायती सैनिक साडेचार हजारांच्या आसपास आणि जोडीला मित्रफौजेचं घोडदळ. दुसरी इंग्रज फौज कर्नल स्टीव्हन्सनची. 21 तारखेला बदनापूरला भेटून 22 ला दोघं वेगळ्या वाटांनी निघालेत आणि 24 ला एकत्र येऊन तुमच्यावर चालून यायचं असा त्यांचा बेत आहे. ही खबर हेरांनी तुमच्यापर्यंत आणलीय, असं सरावापुरतं धरून चालू.

## तयारी: कागद, वाळू आणि एक विरोधक

सर्व्हे ऑफ इंडियाचा 1:50,000 चा नकाशा घ्या. त्यावर 2 सेंटीमीटर म्हणजे जमिनीवर 1 किलोमीटर. आजचे डांबरी रस्ते, पूल, बंधारे 1803 मध्ये नव्हते. नकाशावर ट्रेसिंग कागद ठेवा आणि फक्त नद्या, नाले, उंचवटे आणि गावं उतरवून घ्या. रस्ते नजरेसमोर राहिले की आखणी आपोआप रस्त्यांच्या मागे जाते. ही चूक मुलांच्या इतकी अंगवळणी पडलेली असते की सांगूनही ती कळत नाही, ट्रेसिंग केल्यावरच कळते.

सँड मॉडेल करताना आधी सुतळीचा ग्रिड पाडा आणि मगच वाळू ओता. नद्यांना निळी लोकर, आपल्या तुकड्यांना निळे कागद, शत्रूला लाल. उत्तर दिशा बाणाने दाखवा आणि मॉडेल खऱ्या उत्तरेकडे वळवून ठेवा. एक काडी मोजून तोडा, ती म्हणजे 1 किलोमीटर. पुढे सगळी अंतरं त्या काडीनेच मोजायची.

*सावध:* वाळूचे डोंगर हौसेने उंच होतात. असईच्या आसपासचा साधा चढ मॉडेलवर रायगड झाला, तर ‘तिथून सगळं दिसतं’ असा खोटा निष्कर्ष निघतो. उंची कितीपट वाढवली आहे ते चिठ्ठीवर लिहून मॉडेलच्या कोपऱ्यात लावा.

शेवटचं म्हणजे विरोधक नेमा. एक माणूस वेलस्ली होईल आणि तुमची आखणी चालू असताना तो खोलीत थांबणार नाही. विरोधक नसला की शत्रू तुमच्या सोयीने वागायला लागतो.

## टप्पा 1: उद्दिष्ट एका वाक्यात

उद्दिष्टाच्या वाक्यात एकच क्रियापद असावं. कुणाचं काय करायचं आणि कधीपर्यंत, एवढंच त्यात येतं. कसं करायचं ते येत नाही.

मुलं लिहितात: ‘केळनेच्या काठावर तोफा लावून इंग्रजांना हरवणं आणि तळाचं रक्षण करणं.’ या एका ओळीत तीन चुका आहेत. तोफा काठावर लावणं ही पद्धत झाली, ती पाचव्या टप्प्यात ठरेल. ‘आणि’ आला म्हणजे उद्दिष्टं दोन झाली, आणि उद्या सकाळी ती एकमेकांच्या आड येतील. वेळेची मर्यादा तर कुठेच नाही.

मी असं लिहीन: ‘स्टीव्हन्सन येऊन मिळण्याआधी वेलस्लीची फौज मोडणं.’ ‘आधी’ या शब्दात 24 तारखेची सकाळ बांधलेली आहे.

इथेच दुसरं काम उरकून घ्यायचं. फौजेचे धनी दोन आहेत, शिंदे आणि भोसले. उद्दिष्ट दोघांनाही मान्य आहे का? सहकार्य हे तत्त्व मुलं यादीच्या शेवटी कुठेतरी टाकतात, पण त्याचं काम पहिल्या वाक्यापासून सुरू होतं. एकाला लढायचंय आणि दुसऱ्याला फौज वाचवून न्यायचीय, अशी अवस्था असेल तर पुढचे सात टप्पे वाया जातील.

*तपासणी:* उद्दिष्ट वाचून दाखवा आणि ऐकणाऱ्याला विचारा, ‘हे साध्य झालं हे तुला कशावरून कळेल?’ त्याला सांगता आलं नाही तर वाक्य पुन्हा लिहा.

## टप्पा 2: घड्याळ उलटं फिरवा

बहुतेक गट जमिनीकडे धावतात आणि वेळेचा विचार शेवटी करतात. मग सुंदर आराखडा तयार होतो आणि तो अमलात आणायला रात्रच पुरत नाही. म्हणून वेळ आधी मोजा.

22-23 सप्टेंबरला दिवस आणि रात्र जवळजवळ सारखे असतात. संध्याकाळी 6 ते सकाळी 6 असे बारा तास तुमच्या हातात आहेत. त्यातला एक तृतीयांश वेळ वरच्याने घ्यायचा आणि दोन तृतीयांश खालच्यांना ठेवायचा, हा लष्करातला जुना हिशेब आहे. म्हणजे तुम्हाला चार तास मिळाले. रात्री 10 वाजता तुमचा आराखडा पुरा झालाच पाहिजे.

आता सगळ्यात संथ गोष्ट शोधा. ती तोफा. समजा, भोकरदनकडच्या तोफा पूर्वेला असईजवळ न्यायच्या आहेत, अंतर 10 किलोमीटर. बैलांच्या तोफा दिवसा ताशी 3 किलोमीटर चालतात असं धरलं, तरी अंधारात, ओल्या काळ्या मातीत 2 च धरा. उलट मोजू या. सकाळी 5.30 ला तोफा मांडून तयार हव्यात. मांडायला एक तास, म्हणून 4.30 ला पोचायला हव्यात. वाटेत पाच तास, म्हणून 11.30 ला निघायला हव्यात. बैल आणून जुंपायला एक तास, म्हणून 10.30 ला काम सुरू. तुमचा आराखडा 10 ला होणार. निरोप पोचवायला अर्धा तास उरला.

हा आकडा पाहिल्यावर काय करायचं ते आपोआप दिसतं. संध्याकाळी 7 वाजताच वॉर्निंग ऑर्डर, म्हणजे तयारीत राहण्याचा आगाऊ हुकूम द्यायचा: ‘तोफखान्याने बैल चरायला सोडू नयेत, दाणा-पाणी जागेवर द्यावं, 10 नंतर कूच होऊ शकतं.’ कुठे जायचं हे अजून ठरलेलं नसलं तरी चालेल. वॉर्निंग ऑर्डर हा रिकामा उपचार वाटतो म्हणून ती टाळली जाते, आणि तिच्यावाचून गेलेला एक तास रात्री कुठूनच परत मिळत नाही.

*सावध:* अंतर सरळ रेषेत मोजू नका, नाल्यांना वळसे असतात. डोंगराळ भागात पायी चालायचं असेल तर ताशी 5 किलोमीटर आणि दर 600 मीटर चढाला एक तास जादा, हा हिशेब मोकळ्या अंगाच्या माणसासाठी ठीक आहे. पाठीवर ओझं असेल तर तो पुरत नाही.

## टप्पा 3: जमीन, आणि प्रत्येक ओळीनंतर ‘म्हणून?’

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. वहीचं पान उभं दुभागा. डावीकडे दिसतं ते, उजवीकडे ‘म्हणून’. उजवी बाजू रिकामी राहिली तर डावीकडची ओळ खोडून टाका. ‘उत्तरेला जुई नदी आहे’ ही माहिती झाली. तिने तुमचा निर्णय बदलत नसेल तर ती नुसतं पान भरते.

असईच्या जमिनीवर मी मुलांकडून हे चार मुद्दे काढून घेतो.

चिंचोळा पट्टा. केळना आणि जुई पूर्वेला एकमेकींना मिळतात, त्यामुळे मधली जमीन असईच्या पुढे निमुळती होत जाते. म्हणून? तिथे लांब फळी मावत नाही. म्हणून? ज्याच्याकडे माणसं कमी, त्याला ही जागा सोयीची, कारण त्याच्या दोन्ही बगला नद्या सांभाळतील. तुमचं तीस हजार घोडदळ तिथे उधळायला जागाच नाही. म्हणून? शत्रू या टोकाने आत आला तर तुमच्या संख्येची किंमत घटते. हे तिसरं ‘म्हणून’ काढल्याशिवाय थांबू नका. बहुतेक गट पहिल्यावरच थांबतात.

उतार. केळनेचे काठ खोल आहेत. तोफा घेऊन नदी कुठूनही ओलांडता येत नाही, उतार लागतो, म्हणजे पाणी उथळ असलेली, नदी पार करायची जागा. वेलस्लीच्या वाटाड्यांनी त्याला सांगितलं होतं की जवळपास उतार नाही. त्याने दुर्बिणीतून नदीच्या दोन काठांवर समोरासमोर वसलेली दोन गावं पाहिली आणि ताडलं की इतकी जवळ वसलेली माणसं एकमेकांकडे जात-येत असणारच. तिथे उतार निघाला, आणि त्याच्यावर मराठ्यांचा पहारा नव्हता. हाच निष्कर्ष तुम्हाला आदल्या संध्याकाळी नकाशावरून काढता येतो. समोरासमोरची गावं, नदीपर्यंत येऊन पलीकडे पुन्हा सुरू होणारी पायवाट, पात्र रुंदावून पाणी पसरट होतं ती जागा, या खुणा शोधा. गावकऱ्याला ‘उतार आहे का?’ असं विचारू नका, तो अनोळखी माणसाला ‘नाही’ म्हणून मोकळा होईल. पलीकडच्या गावच्या बाजाराला माणसं कुठून जातात, ते विचारा.

अडथळा. नदी समोर आहे म्हणजे बाजू सुरक्षित झाली, ही असईवरची सगळ्यात महागडी समजूत होती. ज्या अडथळ्यावर तुमची नजर नाही आणि मारा पोचत नाही, तो अडथळा धरूच नका. शत्रूला तो फक्त थोडा वेळ थांबवतो आणि तेवढ्या वेळात काही करायला तुमचं तिथे कुणी नसतं.

आड. नजरेची आड आणि गोळीची आड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सप्टेंबरअखेर बाजरी-ज्वारी उभी असते, त्यात माणूस लपतो पण गोळी थांबत नाही. मातीच्या भिंतींचं गाव दोन्ही देतं. म्हणून असई गाव पायदळाला टेकू द्यायला चांगलं आहे. प्रत्यक्षातही इंग्रजांच्या उजव्या बाजूची सर्वांत जास्त हानी त्या गावासमोरच झाली.

नावांबद्दल एक गोष्ट. वेलस्लीच्या हेरांनी ‘शत्रू भोकरदनला आहे’ अशी खबर दिली होती. भोकरदन हे गावाचंही नाव आणि आसपासच्या परगण्याचंही. गावाजवळ भेटेल असं वाटलेली फौज पूर्वेला असईपर्यंत पसरलेली निघाली. आपल्याकडे एकाच तालुक्यात दोन पिंपळगाव, तीन वडगाव सहज सापडतात. म्हणून आराखड्यात आणि हुकमात नावासोबत सहा आकडी ग्रिड संदर्भ, म्हणजे नकाशावरच्या चौकटींवरून जागा सांगणारा आकडा द्या. आधी पूर्वेचे तीन आकडे, मग उत्तरेचे तीन. उलटे लिहिलेत तर तुकडी भलत्याच शिवारात जाऊन उभी राहील.

*तपासणी:* पानावरच्या ‘म्हणून’ मोजा. वीस ओळींना वीस ‘म्हणून’ आल्या तरी हरकत नाही, पण त्यातल्या तीन-चार अशा हव्यात की त्यांच्यामुळे तुमचा सकाळचा विचार बदलला. एकही तशी नसेल तर निर्णय आधीच मनात पक्का होता आणि जमिनीचा अभ्यास तुम्ही त्याच्या समर्थनासाठी केलात.

## टप्पा 4: शत्रू, त्याच्या खुर्चीत बसून

आधी आलेल्या खबरी मांडा. प्रत्येक खबरीपुढे दोन गोष्टी लिहा: कुणी पाहिलं आणि केव्हा पाहिलं. सहा तास जुनी खबर तोंडातोंडी येताना ताजी होऊन येते. 23 तारखेला वेलस्लीला कळलं होतं की मराठ्यांचं घोडदळ निघून गेलंय आणि पायदळ निघण्याच्या बेतात आहे. पुढे जाऊन पाहतो तर सगळी फौज जागेवर.

मग शत्रूचे पर्याय लिहा. वेलस्लीपुढे तीन होते: 24 पर्यंत थांबून स्टीव्हन्सनसोबत हल्ला करणं, 23 लाच एकट्याने हल्ला करणं, किंवा लढाई टाळणं. मुलांचा कौल नेहमी पहिल्याला पडतो, कारण तो शहाणपणाचा आहे. मग सगळी आखणी तेवढ्यासाठीच होते. दोन खुणा करा, सर्वांत संभाव्य पर्यायावर एक आणि सर्वांत घातक पर्यायावर दुसरी. आराखडा संभाव्य पर्यायावर बेता, पण घातक पर्याय घडला तर पहिल्या तासात कोण काय करेल हेही लिहून ठेवा. घडला दुसराच पर्याय. वीस मैलांहून जास्त चाललेल्या फौजेनिशी वेलस्लीने त्याच दुपारी हल्ला केला.

बलाबल मोजताना एकूण आकड्यांची तुलना करू नका. चाळीस हजार विरुद्ध दहा हजार असं लिहून मुलं निर्धास्त होतात. प्रश्न असा आहे: उद्या दुपारी असईच्या त्या चिंचोळ्या पट्ट्यात, त्या तासाला, तुमचे किती आणि त्याचे किती? पश्चिमेच्या टोकाला उभं असलेलं घोडदळ त्या बेरजेत धरता येत नाही.

रसदही इथेच बघा. वेलस्लीने 12 ऑगस्टला अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा किल्ला घेऊन तो आपला आधार केला होता. तिथून असई शंभर मैलांहून दूर आहे. त्याचं धान्य आणि दारूगोळा बैलांच्या पाठीवर येतो. म्हणून? हे ‘म्हणून’ तुम्ही काढा, पुढच्या टप्प्यात ते लागेल.

## टप्पा 5: खरेखुरे वेगळे पर्याय

किमान दोन, शक्यतो तीन. ‘उजवीकडून वळसा’ आणि ‘डावीकडून वळसा’ हे एकाच पर्यायाचे दोन आरसे झाले. आवडत्या पर्यायाला उठाव यावा म्हणून मुद्दाम ठेवलेला मूर्ख पर्यायही मोजू नका.

अ) केळनेचे सगळे उतार धरायचे, तोफांची तोंडं त्यांच्यावर लावायची, शत्रू पाण्यात असताना मारायचं.

आ) 23 च्या पहाटे पायदळ आणि घोडदळ घेऊन नदीच्या दक्षिणेला निघायचं आणि वेलस्लीला एकटा, वाटचालीत गाठायचं.

इ) पायदळ आणि तोफा मागे काढायच्या, घोडदळाने त्याचे बैल आणि रसद तोडायची, त्याला उपाशी फिरवायचं.

प्रत्येकाचं चित्र चार ओळींत लिहा: कोण, कुठे, केव्हा, आणि त्यानंतर काय. ‘त्यानंतर काय’ ही ओळ सगळे गाळतात. उतारावर शत्रू मागे हटला तर तुम्ही नदी ओलांडून पाठलाग करणार की काठावरच थांबणार? याचं उत्तर नसेल तर पर्याय अर्धाच आहे.

मग प्रत्येकाला उद्दिष्टाच्या ओळीशी लावा. ‘अ’ सुरक्षित आहे, पण शत्रू आलाच नाही तर वेळ हातची जाते आणि 24 उजाडते. ‘आ’ उद्दिष्टाला थेट भिडतो, मात्र लढाई लांबली आणि स्टीव्हन्सन मागून आला तर दोघांमध्ये सापडाल. ‘इ’ लिहिलेल्या उद्दिष्टात बसतच नाही, कारण त्यात फौज मोडत नाही. तोच तुम्हाला सर्वांत बरा वाटत असेल, तर उद्दिष्ट चुकलंय असं समजा. पुन्हा पहिल्या टप्प्यावर जा, दोन्ही धन्यांना भेटा आणि वाक्य बदलून आणा. ते न बदलता गुपचूप ‘इ’ घुसवू नका.

माझं मत विचाराल तर पहाटेपर्यंत ‘अ’ ची मांडणी आणि घोडदळाची एक मोठी तुकडी ‘आ’ साठी नदीपलीकडे तयार ठेवणं हे त्या रात्रीच्या बारा तासांत बसतं. ‘इ’ मोहात पाडतो खरा, पण शंभर तोफा ओल्या काळ्या रानातून एका रात्रीत काढणं वरच्या हिशेबाने अशक्य आहे, आणि त्या टाकून जाणं शिंदे मान्य करतील असं मला वाटत नाही.

## टप्पा 6: आता यादी काढा

निवडलेला पर्याय समोर ठेवा आणि तत्त्वं प्रश्न म्हणून विचारा. ‘बळ एकवटलं आहे’ अशी बरोबरची खूण करून पुढे जायचं नाही. उत्तरात जागा आणि वेळ आली पाहिजे.

सर्वांत उपयोगी प्रश्न काटकसरीचा आहे: मी मुद्दाम कुठे दुबळा राहणार आहे? जागेचं नाव घ्या. सगळीकडे भक्कम असलेला आराखडा कुठेच भक्कम नसतो. सहा-सात उतारांपैकी दोन तुम्ही नुसत्या पहाऱ्यावर सोडले असतील, तर तसं स्पष्ट लिहा. तिथून शत्रू आल्याची खबर किती मिनिटांत पोचेल आणि राखीव तुकडी किती वेळात येईल, तेही लिहा. सुरक्षिततेचा प्रश्न त्यातच सुटतो.

लवचीकता म्हणजे काय, हे असईवर स्वच्छ दिसतं. शत्रू बगलेवर उतरलेला पाहून शिंद्यांच्या पोलमन या सेनानीच्या कवायती पायदळाने आपली सगळी फळी काटकोनात वळवली, एक टोक केळनेवर आणि दुसरं असई गावाला लावून. इतक्या झटपट ते जमेल असं वेलस्लीला वाटलं नव्हतं. हे जमलं ते कवायतीच्या जोरावर. तुमच्या तुकडीने जी हालचाल कधी केलीच नाही, ती आराखड्यात ‘गरज पडल्यास’ म्हणून लिहू नका.

मनोधैर्य आणि सहकार्य यांना एकत्र तपासा. लढाईत दोन्ही सरदार रण सोडून गेले आणि बहुतेक घोडदळ लढाईत उतरलंच नाही. पायदळ आणि गोलंदाज मात्र तोफांपाशी मरेपर्यंत लढले. इंग्रजांचे मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून साडेपंधराशेच्या वर गेले. एवढं झुंजणारे लोक हाताशी असताना त्यांच्या मदतीला घोडदळ कुणाच्या हुकमाने आणि कुठल्या खुणेवर यायचं, हेच ठरलेलं नसणं, हा दोष मला आजही सलतो. म्हणून प्रश्न असा विचारा: मी पडलो किंवा निघून गेलो तर पुढचा हुकूम कोण देईल, आणि घोडदळ त्याचं ऐकेल का?

तत्त्वं एकमेकांशी भांडतात, तेही लक्षात ठेवा. अचानक धक्का द्यायचा तर कमी लोकांना सांगायचं, सहकार्य हवं तर जास्त लोकांना. त्या तासाला कुणाला झुकतं माप द्यायचं ते तुम्ही ठरवा आणि कारण एका ओळीत लिहा.

## टप्पा 7: हुकूम

एनसीसीत शिकवतात तोच क्रम ठेवा, तो उत्तम आहे: जमिनी निशाण (जमिनीवरच्या खुणा), खबर, मकसद (उद्दिष्ट), तरीका (पद्धत), प्रशासन, कमान आणि सिग्नल. शेवटी घड्याळं मिळवायची आणि शंका विचारायच्या. क्रम मोडला की ऐकणारा भलत्याच गोष्टीची वाट बघत बसतो.

एका उतारावरच्या तुकडीला मी असा हुकूम देईन:

*जमिनी निशाण:* समोर केळना. पलीकडे एकट्या वडाचं झाड, त्याला ‘वड’ म्हणू. झाडाच्या खाली पाण्याचा पसरट भाग, तो ‘उतार’. *खबर:* शत्रू दक्षिणेकडून, पायदळ आणि तोफा, उद्या केव्हाही. आपली दुसरी तुकडी डावीकडे पुढच्या उतारावर. *मकसद:* आपली तुकडी उद्या सूर्यास्तापर्यंत शत्रूला ‘उतार’ ओलांडू देणार नाही. आपली तुकडी उद्या सूर्यास्तापर्यंत शत्रूला ‘उतार’ ओलांडू देणार नाही. *तरीका:* दोन तोफा काठामागच्या उंचवट्यावर, पायदळ नाल्यात. शत्रूचा पुढचा गट पाण्याच्या मध्यावर आल्याशिवाय मारा नाही. *प्रशासन:* पाणी रात्रीच भरा, जखमी मागच्या आमराईत. *कमान आणि सिग्नल:* मी तोफांपाशी. माझ्यानंतर सुभेदार. शत्रू दिसताच एक स्वार मुख्य तळाकडे, थांबवता येत नसेल तर दुसरा.

मकसद दोनदा म्हटलाय, तो मुद्दाम. दुसऱ्यांदा ऐकताना माणूस तो लक्षात ठेवतो.

*सावध:* ‘गावापासून लांब राहा’ असे हुकूम देऊ नका. इंग्रजांच्या उजवीकडच्या पिकेटला, म्हणजे पहाऱ्याच्या तुकडीला असई गाव टाळायला सांगितलं होतं. ती धुरात तिकडेच सरकत गेली, तिच्यामागून 74 वी रेजिमेंट गेली आणि दोन्हींची कत्तल झाली. कुठे जायचं नाही यापेक्षा कुठल्या खुणेकडे जायचं, ते सांगा. ‘उजवीकडे’, ‘डावीकडे’ही नको, पाठ फिरली की ते उलटतं. दिशा सांगा, खूण दाखवा.

## टप्पा 8: उलट ऐकणं, तालीम आणि डाव

‘समजलं?’ विचारलं की ‘हो सर’ येतं. त्याऐवजी प्रत्येक तुकडीनायकाला मॉडेलवर उभं करून त्याच्या शब्दांत हुकूम म्हणायला लावा. मकसद त्याने बदलून सांगितला तर दोष बहुधा तुमच्या वाक्याचा असतो. ते दुरुस्त करून सगळ्यांना पुन्हा सांगा, एकट्याला नाही.

पूर्ण तालमीला वेळ नसेल तर फक्त सर्वांत अवघड दहा मिनिटांची करा. इथे ती म्हणजे उतारावर शत्रू दिसल्यापासून राखीव तुकडी पोचेपर्यंतची. स्वार झालेल्या मुलाला मैदानात खरोखर धावायला लावा, कागदावर तो फार वेगाने धावतो.

मग विरोधकाला आत बोलवा. त्याची चाल लाल कागदांनी, तुमची निळ्यांनी, प्रत्येक फेरी अर्ध्या तासाची. तिसऱ्या माणसाने फक्त वेळा नोंदवाव्यात. मध्येच थांबून ‘हे चूक झालं, परत घेऊ’ म्हणायची सवय मोडा.

डाव संपला की जिंकलं कोण यावर वाद सुरू होतो. तो थांबवा आणि नोंदवह्या उघडा. शत्रूचा पहिला माणूस केळनेच्या पाण्यात उतरला ती वेळ, आणि तुमच्या मुख्य तळावर ते कळलं ती वेळ, या दोन्ही शेजारी लिहा. पुढच्या खेपेला बाजू बदलून तोच डाव मांडा आणि तेच दोन आकडे पुन्हा नोंदवा.